विंचवाच्या चिन्हाची मोटार

जुनी मोटार विकत घेणे हे आपल्याकडे सामान्यतः काटकसरीचे लक्षण समजले जाते. नवी परवडत नाही, म्हणून कोणाची तरी चार-सहा वर्षे वापरलेली गाडी घ्यावी, आणखी चार-सहा वर्षे चालवावी आणि पुढच्याच्या हवाली करावी, असा तो सरळ व्यवहार असतो. आज मी ज्या खरेदीविषयी बोलणार आहे, तिचा या काटकसरीशी फारसा संबंध नाही. ही गाडी आकाराने लहान, मागच्या आसनावर पाहुण्यांची अडचण करणारी, पेट्रोल पिण्यात उदार, आणि जिचे उत्पादन थांबून बरीच वर्षे लोटली अशी असते. तरीही तिच्यासाठी कोलकात्याचा माणूस पुण्याला चौकशी करतो, आणि मिळाली तर सुमारे दोन हजार किलोमीटर चालवीत घरी आणतो. ही गाडी ओळखावी कशी, घ्यावी कशी, आणि घेतल्यावर तिच्यात फेरफार करावेत तर ते कुठवर, एवढाच आजचा विषय आहे. शेवटच्या प्रश्नात माणसांच्या जीविताचा संबंध येतो, म्हणून त्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे.

मागचा दरवाजा काचेसकट वर उघडतो आणि सामानाची जागा बसण्याच्या जागेला लागूनच असते, अशा मोटारीला हॅचबॅक म्हणतात. बाजारहाट करावी, मुलांना शाळेत पोहोचवावे, अरुंद गल्लीत उभी करावी, यासाठी ती जन्मली. अशा साध्या गाडीत जोरकस इंजिन बसवावे ही कल्पना रूढ केली ती जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने. १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात तिने गोल्फ जीटीआय मांडली आणि पुढच्या वर्षी ती विक्रीस आणली. १.६ लिटरचे इंजिन आणि ११० अश्वशक्ती. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा कंपनीचा हिशेब होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर गाड्या खपल्या. जी गाडी सोमवारी कचेरीत नेते तीच रविवारी घाटरस्त्यात आनंद देते, हे लोकांना एकदा कळल्यावर युरोपातील जवळजवळ प्रत्येक कारखान्याने तो कित्ता गिरवला.

इटलीत मात्र हे काम त्याआधीच एका माणसाने आरंभले होते. कार्लो आबार्थ हा जन्माने व्हिएन्नाचा. १९०८ च्या नोव्हेंबरातला त्याचा जन्म, म्हणजे रास वृश्चिक. म्हणून त्याने आपल्या गाड्यांवर विंचवाचे चिन्ह घातले. १९४९ साली त्याने स्वतःची कंपनी काढली आणि सुधारलेले सायलेन्सर विकून ती नावारूपाला आणली. फियाटच्या चिमुकल्या ५०० गाडीसाठी तो फेरफाराचे सुटे भाग पेटीत भरून विकत असे. ती पेटी घ्यावी, आपल्या गावच्या मिस्त्रीकडून भाग बसवून घ्यावेत आणि गाडी तेज करावी. १९७१ साली फियाटने त्याची कंपनी विकत घेतली. मूळ गाडीत फेरफार करणे हा या घराण्याचा जणू कुळाचारच होय, हे लक्षात असू द्यावे; पुढे आपण त्याच कुळाचाराला वेसण घालणार आहोत.

फियाट हे नाव मराठी माणसाला परके नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या गाड्या निघत. त्यांतल्याच ११०० ची पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिली. २००१ साली कुर्ल्यातूनच पालिओ ही हॅचबॅक बाहेर पडली. तिच्या १.६ लिटरच्या आवृत्तीची ताकद १०० अश्वशक्ती होती आणि त्या काळी आपल्याकडे एवढ्या लहान गाडीत ती चैनच होती. सचिन तेंडुलकरच्या संबंधाने काढलेली तिची एस-१० ही मर्यादित आवृत्ती आज संग्राहक शोधत फिरतात. पुढे फियाटचे बिऱ्हाड पुण्याजवळ रांजणगावला गेले, आणि तेथूनच २०१५ च्या ऑक्टोबरात आबार्थ पुंटो आली. दारावर पट्टे, चाकांच्या मध्यभागी विंचू, आणि किंमत दहा लाखांना जेमतेम कमी.

ही गाडी काय होती ते थोडक्यात सांगतो. तिचे इंजिन १,३६८ घनसेंटीमीटरचे, टर्बोचे. टर्बो म्हणजे दुसरे तिसरे काही नसून एक पंखा. इंजिनातून वाया जाणारा तप्त धूर एका पात्यावर आदळतो, ते पाते दुसऱ्या टोकाच्या पात्याला फिरवते, आणि ते दुसरे पाते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जळते, आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. पुंटोच्या या इंजिनातून १४५ अश्वशक्ती आणि २१२ न्यूटन-मीटर पीळ निघे. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठण्यास कंपनीच्या आकड्याप्रमाणे ८.८ सेकंद लागत. चारही चाकांना डिस्क ब्रेक, हाताने बदलायचे गिअर, आणि साध्या पुंटोपेक्षा बुटकी चाल. जमिनीपासूनची उंची १५५ मिलिमीटर. कोलकात्यात राहणाऱ्याने हा शेवटचा आकडा पाठ करावा.

मग अशी गाडी दुर्मिळ का झाली? हौशी मंडळी कंपनीला, विक्रेत्यांना, दुरुस्तीच्या सेवेला दोष देतात. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु मुख्य कारण जकातीच्या कोष्टकात आहे, आणि ते कोणी वाचत नाही. २००६ च्या अर्थसंकल्पाने लहान गाडीवरचे उत्पादन शुल्क घटवले आणि लहान गाडीची व्याख्या केली: लांबी ४ मीटरच्या आत, आणि पेट्रोलचे इंजिन असल्यास ते १,२०० घनसेंटीमीटरच्या आत. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा ही मर्यादा कायम राहिली. २०२५ च्या सप्टेंबरात करांचे टप्पे बदलले, तेव्हाही राहिली. १,३६८ घनसेंटीमीटरचे इंजिन घेऊन बाजारात उतरणारी हॅचबॅक म्हणजे मोठ्या गाडीचा कर भरणारी लहान गाडी. असा सौदा ग्राहकांपैकी फार थोड्यांना पटणार हे उघड होते. फोक्सवॅगनची पोलो जीटीआय २०१६ च्या नोव्हेंबरात आली, तीही परदेशातून तयार, तीन दारांची, आणि पंचवीस लाखांवर किमतीची. भारतासाठी तिच्या ९९ गाड्याच ठरल्या होत्या, आणि त्यांनाही पुढे मोठी सूट द्यावी लागली. प्रदूषणाचा भारत टप्पा सहा १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाला. त्यापूर्वीच फियाटने येथली मोटारविक्री आवरली होती.

आता खरेदी. कागदपत्रांचा भाग पुष्कळांना कंटाळवाणा वाटतो. मला वाटत नाही, कारण कागद वाचणे हाच माझा पेशा. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर जेथे ती नोंदली आहे तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र प्रथम मिळवावे. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर नोंदणीपुस्तकातील बोजा उतरल्याखेरीज एक पैसाही देऊ नये. ‘कर्ज फिटले आहे, पत्र येईल’ या वाक्यावर विसंबू नये. मालकी बदलल्याची सूचना विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेर ४५ दिवसांत द्यायची असते. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायची तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. कोलकात्यात हे काम बेलतला येथील कार्यालयात होते. तेथे पश्चिम बंगालचा कर भरावा, आणि मग महाराष्ट्रात आधी भरलेल्या एकरकमी करापैकी उरलेल्या वर्षांचा परतावा मागावा. परतावा मिळतो, परंतु त्याला चिकाटी लागते. आणखी एक गोष्ट माझ्यासारख्यांसाठी. केंद्र सरकारच्या नोकराने दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीची जंगम वस्तू घेतली, तर एका महिन्याच्या आत ती वरिष्ठांना कळवावी लागते. माझ्या वरिष्ठांनी तो अर्ज वाचून ‘दहा वर्षांची जुनी गाडी?’ एवढेच विचारले होते.

इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक स्वतः वाचावा. सांगाड्याच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासली म्हणजे ठसा उमटतो. नोंदणी कार्यालयाला तो लागतोच, पण खरेदीच्या दिवशी आपल्यासाठीही घ्यावा. पुनःपुन्हा रंग दिलेली, घासलेली किंवा जोड दिलेली जागा त्या ठशात लपत नाही.

गाडी पाहायला जावे ते सकाळी, आणि विक्रेत्याला आधी बजावून ठेवावे की इंजिन सुरू करून ठेवू नये. थंड इंजिन खरे बोलते. सुरू होताच निळसर धूर आला तर तेल जळत आहे, आणि टर्बोच्या गाडीत पहिला संशय टर्बोच्या आतल्या वेष्टणांवर घ्यावा. हे पाते मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते. जो मालक तेल वेळेवर बदलत नाही, किंवा घाट चढून आल्याबरोबर किल्ली फिरवून इंजिन बंद करतो, तो हा थर जाळून टाकतो. म्हणून धावलेल्या किलोमीटरांचा आकडा मी दुय्यम मानतो. तेल कधी कधी बदलले याच्या पावत्या पाहतो. इंजिनातील झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा रबरी आहे. त्याचे आयुष्य किलोमीटरांवर असते तसेच वर्षांवरही असते; दहा वर्षे उभी असलेली, ‘फारच कमी चाललेली’ गाडी या बाबतीत रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा अधिक धोक्याची. पट्टा बदलल्याची पावती नसेल तर तो बदललाच नाही असे धरावे, आणि तो खर्च किमतीतून वजा करावा.

पाण्यात बुडालेल्या गाड्यांविषयी विशेष सावध राहावे. मुंबईला २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कोलकात्यात २०२५ च्या सप्टेंबरात, पूजेच्या तोंडावर, एका रात्रीत अडीचशे मिलिमीटरांच्या आसपास पडला आणि निम्मे शहर कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. अशा प्रत्येक पावसानंतर काही गाड्या धुऊन-पुसून, आतले कापड बदलून दूरच्या प्रांतात विकल्या जातात. सीटचा पट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढून पाहावा. जो भाग एरवी आत गुंडाळलेला असतो त्यावर मातीचा डाग असतो. पायाखालचे जाड अस्तर उचलून हात फिरवावा, फ्यूजच्या पेटीत हिरवट बुरशी पाहावी, आणि दिव्यांच्या काचेत आतून धुके साचले आहे काय ते पाहावे.

या जातीच्या गाडीत आणखी एक फसवणूक संभवते, आणि ती साध्या गाडीत नसते. आधीच्या मालकाने इंजिनाच्या संगणकातील आज्ञा बदलून ताकद वाढवलेली असते, दोन-तीन वर्षे ती दामटलेली असते, आणि विकण्याच्या आठवड्यात सारे मूळ भाग परत बसवून गाडी ‘कंपनीतून आली तशी’ म्हणून पुढे केलेली असते. मी पाहिलेल्या पहिल्या गाडीच्या विक्रेत्याने अगदी हेच शब्द वापरले होते. गाडी उंच चढवून पाहिली तेव्हा सायलेन्सर मूळचाच होता, पण त्याच्या बोल्टांची डोकी नुकतीच झिजलेली. स्प्रिंगा मूळच्या, पण त्यांवर रस्त्याची धूळ नाही. आणि हवेच्या रबरी नळीवरचे कडे मूळ धाटणीचे नव्हते. भाग निर्दोष होते, त्यांचा इतिहास मात्र खोटा होता. मी ती गाडी सोडली. शंका आल्यास चारही सिलिंडरांतील दाब मोजून घ्यावा. चारांतील एक जरी ठळकपणे मागे असला तर बोलणे तेथेच संपवावे. विक्रेता दाब मोजू देत नसेल, तर तेही उत्तरच समजावे.

गाडी घरी आली म्हणजे सुटे भाग हा नवा संसार सुरू होतो. कोलकात्यात पार्क स्ट्रीट आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रस्ता जेथे मिळतात तेथे मल्लिक बाजार आहे. जुन्या मोटारींच्या भागांची ही पेठ सबंध पूर्व भारतात प्रसिद्ध आहे. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ॲम्बॅसडर निघणे २०१४ साली थांबले, तरी ॲम्बॅसडरचा दांडा, पत्रा, दिवा, काय हवे ते येथे अजून मिळू शकते. कारण ती गाडी लाखांनी बनली. १९६८ पासून भरणारी स्टेट्समन वृत्तपत्राची जुन्या मोटारींची शर्यत या शहराची हौस सांगते, आणि त्या हौसेमागे ही पेठ आणि तिच्यातले कारागीर उभे आहेत. परंतु आबार्थ पुंटोचा टर्बो तेथे कोणी ढिगातून काढून देणार नाही. दुर्मिळ गाडीचे भागही दुर्मिळ असतात, ही साधी गोष्ट खरेदीच्या भरात विसरली जाते. सुदैवाने याच इंजिनाची सौम्य आवृत्ती २०१० पासून लिनिया या गाडीत होती, आणि युरोपातल्या पुंटोतही हेच कूळ होते. त्यामुळे पट्टे, गास्केटे, स्पार्क प्लग असे भाग मिळतात. बाहेरचे पत्रे, दिवे, आतली काही उपकरणे साध्या पुंटोची चालतात. बाहेरदेशाहून मागवताना भागक्रमांक अक्षर-अक्षर जुळवावा. नुसते ‘पुंटोचे’ म्हणून चालत नाही.

आता फेरफार. हा शब्द उच्चारताच तरुण श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे वाढलेली अश्वशक्ती, बसकी चाल आणि गर्जना करणारा सायलेन्सर उभा राहतो. माझे मत निराळे आहे. दहा वर्षांच्या गाडीचा पहिला फेरफार म्हणजे तिला मूळपदावर आणणे. चाकांच्या दांड्यांमधील रबरी बुश, धक्का सोसणारे शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेकचे तेल, पाण्याच्या नळ्या, टायर, हे सारे काळाने थकलेले असते, आणि मालकाला ते कळत नाही, कारण थकवा हळूहळू येतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे; ते वाचावे. नक्षी शाबूत असली तरी म्हातारे रबर ओल्या रस्त्याला धरत नाही, आणि कोलकात्याच्या पावसात ट्रामच्या रुळावरून वळताना हा धडा फार महाग पडू शकतो. ही सारी कामे झाल्यावर पुष्कळांना असा अनुभव येतो की जी ताकद वाढवावी असे वाटत होते, ती गाडीत होतीच. ती रस्त्यापर्यंत पोहोचत नव्हती.

त्यानंतर हात घालावा तो थांबण्याच्या यंत्रणेत. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटरांऐवजी १०० ने धावणाऱ्या गाडीत वेग एक चतुर्थांशाने अधिक, पण ऊर्जा दीडपटीहून अधिक. आणि ती सारी ब्रेकच्या चार तबकड्यांना उष्णता म्हणून पचवावी लागते. चांगल्या प्रतीचे ब्रेक पॅड, ताजे तेल, फुगणाऱ्या जुन्या नळ्यांच्या जागी नव्या नळ्या, एवढ्यावर होणारा खर्च इंजिनावरील खर्चाच्या मानाने थोडा असतो. गाडी आणखी बुटकी करण्याचा मोह मी तर कोलकात्यात सर्वथा वर्ज्य मानतो. १५५ मिलिमीटरांतून तीस गेले तर ठनठनियाच्या पावसाळी पाण्यात इंजिनाच्या तोंडात पाणी शिरायला वेळ लागत नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी गेले की दांडा वाकतो, आणि मग वर सांगितलेला मल्लिक बाजारही उपयोगाचा नाही.

राहिली अश्वशक्ती. टर्बोच्या गाडीत ती वाढवणे फसवे सोपे आहे. संगणकातील आज्ञा बदलल्या, टर्बोला थोडी अधिक हवा कोंबू दिली, की काही तासांत आकडा वाढतो. पण निर्मात्याने तो आकडा कमी ठेवला होता तो आळसाने नव्हे. त्याच पोलो जीटीआयचे उदाहरण घ्या. युरोपात हाताने गिअर बदलण्याच्या आवृत्तीत तिचे इंजिन ३२० न्यूटन-मीटर पीळ देत असे. दुहेरी क्लचच्या स्वयंचलित पेटीबरोबर त्याच इंजिनाला २५० वर आवरले होते, कारण त्या पेटीची सोसण्याची शीव तेवढीच. आपल्याकडे आली ती ही आवरलेली गाडी. आता एखाद्या कारागिराने आज्ञा बदलून इंजिन मोकळे सोडले, तर इंजिनाला काही होणार नाही कदाचित, पेटी जाईल. आणि देशात ९९ गाड्या असतील तर त्या पेटीचा जोडीदार शोधायचा कोठे?

इंधनाचाही प्रश्न आहे. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, म्हणजे दाबाखाली इंधन अकाली पेटत नाही. टर्बोच्या इंजिनाला हा लाभच. पण इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, शुद्ध इथेनॉलला सुमारे ९. म्हणून मिश्रण जाळताना इंधन थोडे अधिक सोडावे लागते. मूळ संगणक धुरातील प्राणवायू मोजून ही दुरुस्ती काही मर्यादेपर्यंत आपोआप करतो. पण ज्याच्या आज्ञा कोणी आठ वर्षांपूर्वीच्या पेट्रोलवर बेतून टोकाला नेऊन ठेवल्या आहेत, त्याच्याजवळ दुरुस्तीला जागा उरत नाही. इंधन कमी, उष्णता जास्त, आणि सिलिंडरातला दट्ट्या वितळतो. शिवाय २०१५-१६ च्या रबरी नळ्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या; त्या पाहून बदलाव्यात. मोठ्या शहरांतील काही पंपांवर २०२० पासून १०० ऑक्टेनचे महागडे पेट्रोल मिळते. पण मूळ आज्ञा शाबूत असलेल्या गाडीला त्याची गरज नाही.

कायदा काय म्हणतो तेही ऐकावे, कारण गॅरेजात तो कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. मित्रमंडळी म्हणतात, संगणकातील आज्ञा कोणाला दिसतात? नोंदणीच्या अर्जात अश्वशक्तीचाही रकाना असतो, हे ते विसरतात. आणि पोलिसाला न दिसणारी गोष्ट विमा कंपनीच्या तपासनिसाला अपघातानंतर दिसते. ज्या फेरफाराची कल्पना कंपनीला दिली नाही, त्यावरून नुकसानभरपाईचा वाद उभा राहतो. गाडीपुरते ते सोसता येईल, समोरचा मनुष्य जायबंदी झाला असेल तर जन्मभर सोसत नाही. धुरातील विषारी वायू जाळणारे उत्प्रेरकाचे डबे काढून टाकणे, सायलेन्सर पोकळ करणे, यांना तर मी फेरफार म्हणतच नाही. ज्या शहराने पंधरा वर्षांवरील व्यावसायिक गाड्या २००९ साली न्यायालयाच्या आदेशाने रस्त्यावरून काढल्या, कारण तिथली हवा श्वासाला जड झाली होती, त्या शहरात हौशी माणसाने असे करणे मला तरी शोभादायक वाटत नाही. आबार्थने सायलेन्सर विकले हे खरे; पण ते त्याने विकले, कापून फेकले नाहीत.

तेव्हा जे काही बदलायचे ते असे बदलावे, की एका दिवसात पूर्ववत करता येईल. माझ्या गाडीतून काढलेले मूळ ब्रेक पॅड, हवेची मूळ गाळणी, नळ्या, एवढेच नव्हे तर मूळ बोल्टही, तेल लावून, भागक्रमांकाच्या चिठ्ठ्या अडकवून मी लोखंडी पेटीत ठेवले आहेत. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यायची, आणि त्यासाठी गाडी तपासनिसापुढे उभी करायची. २०१६ सालच्या गाडीला ही पाळी २०३१ मध्ये येते. तपासनीस तिला निर्मात्याच्या तपशिलाशी ताडून पाहील, आणि त्या सकाळी पेटी गाडीच्या मागच्या भागातच असेल.